अमेरिकेत इंजिनीअरिंगच्या एम.एस.ला जाताय? पहिल्या सेमिस्टरचे कोर्स असे निवडा

रजिस्ट्रेशन सुरू झाल्याची ईमेल येते. नवा विद्यार्थी पोर्टल उघडतो आणि त्याच्या एकट्या डिपार्टमेंटचेच डझनावारी कोर्स समोर येतात. मग निवड नावावरून होते. ‘मशीन लर्निंग’ घ्यायचंच, ‘रोबोटिक्स’ भारी वाटतं, नावात ‘ॲडव्हान्स्ड’ असेल तर आणखीच चांगलं. हे म्हणजे आधी कळस मग पाया. एम.एस. जेमतेम तीन-चार सेमिस्टरची असते आणि वरच्या पातळीचे पुष्कळ कोर्स वर्षातून एकदाच शिकवले जातात. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला काय घेतलं यावर पुढे काय घेता येईल हे ठरून जातं. नाव सगळ्यात शेवटी पाहा. हा कोर्स कोणत्या सेमिस्टरला असतो, त्याआधी काय आलेलं असावं लागतं आणि तो झाल्यावर पुढचे कोणते कोर्स घेता येतात, हे आधी पाहा.

डिग्रीचा हिशेब

सेमिस्टर पद्धतीच्या युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगची एम.एस. साधारण ३० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक) असते, काही ठिकाणी थोडी जास्त. एक कोर्स बहुधा ३ क्रेडिटचा, म्हणजे एकूण दहा कोर्स. स्टॅनफर्डसारख्या क्वार्टर पद्धतीच्या ठिकाणी हीच डिग्री ४५ युनिटची होते, कारण तिथली दीड युनिट म्हणजे सेमिस्टरचं एक क्रेडिट. आकडा मोठा दिसला तरी अभ्यास तेवढाच असतो, पण वेग वेगळा. सेमिस्टर सुमारे १५ आठवड्यांचं, तर क्वार्टर सुमारे १० आठवड्यांचा. क्वार्टरमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यातच मिडटर्म येते आणि मागे पडलेल्याला सावरायला वेळच उरत नाही.

हे दहा कोर्स मनाला येतील तसे घेता येत नाहीत. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट हँडबुकमध्ये त्यांची वाटणी दिलेली असते: कोअर किती, स्पेशलायझेशनचे किती, डिपार्टमेंटबाहेरचे जास्तीत जास्त किती, अंडरग्रॅज्युएट पातळीचे किती चालतात, सेमिनार सक्तीचा आहे का. हे हँडबुक विमानात बसण्याआधी वाचून काढा. तुम्ही ज्या वर्षी दाखल होता त्या वर्षीचे नियम बहुतेक ठिकाणी तुम्हाला शेवटपर्यंत लागू राहतात. त्यामुळे सीनियरने सांगितलेला नियम त्याच्या बॅचपुरता खरा असू शकतो.

कोर्सच्या नंबरावरून पातळी कळते, पण प्रत्येक युनिव्हर्सिटीची रीत निराळी. बर्कलीत २०० ते २९९ हे ग्रॅज्युएट कोर्स. जॉर्जिया टेकमध्ये ते ६००० पासून सुरू होतात. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला ५०० चे कोर्स ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचे, तर ४०० च्या वर्गात अंडरग्रॅज्युएट आणि ग्रॅज्युएट दोघेही बसतात. यूटी ऑस्टिनची पद्धत सगळ्यात गमतीची: पहिला आकडा क्रेडिट सांगतो आणि शेवटचे दोन आकडे पातळी. तिथे ३८१ म्हणजे तीन क्रेडिटचा ग्रॅज्युएट कोर्स, कारण ८० ते ९९ हे आकडे ग्रॅज्युएट कोर्ससाठी राखलेले आहेत.

बी.ई.ला शिकलेला विषय पुन्हा सक्तीचा दिसला तर सूट मागता येते. मात्र ‘वेव्हर’ आणि ‘ट्रान्सफर’ यांत फरक आहे. ट्रान्सफर झालं तर जुनी क्रेडिट इथल्या डिग्रीत मोजली जातात. वेव्हरमध्ये फक्त तो विषय घ्यायची सक्ती जाते, पण ती ३ क्रेडिट दुसरा कोर्स घेऊन भरावीच लागतात. भारतातल्या बी.ई.वर मिळतं ते सहसा वेव्हर. फी वाचत नाही, पण एक जागा मोकळी होते आणि ती वरच्या कोर्सला देता येते.

शेवटाकडून मागे या

तिसऱ्या सेमिस्टरला काय शिकायला आवडेल असे दोन-तीन कोर्स निवडा. प्रत्येकाचे प्रीरिक्विझिट, म्हणजे त्याआधी झालेले असावे लागणारे कोर्स, वाचा. मग त्या प्रीरिक्विझिटचे प्रीरिक्विझिट. असं मागे येत गेलं की पहिल्या सेमिस्टरचे एक-दोन कोर्स आपोआप ठरतात.

कंट्रोल्समध्ये ‘लिनिअर सिस्टिम्स’ हा सगळ्याचा पाया. ऑप्टिमल कंट्रोल, नॉनलिनिअर कंट्रोल, एस्टिमेशन हे सगळे तो झालाय असं धरूनच शिकवले जातात. कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये तेच स्थान ‘रँडम प्रोसेसेस’चं. तो नसेल तर डिटेक्शन-एस्टिमेशनच्या पहिल्याच लेक्चरला पाटी कोरी राहते. सॉलिड मेकॅनिक्समध्ये ‘कंटिन्युअम मेकॅनिक्स’ आधी, मग प्लॅस्टिसिटी आणि नॉनलिनिअर फायनाइट एलिमेंट. हे पायाचे कोर्स बऱ्याच ठिकाणी फक्त फॉलमध्ये (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सेमिस्टर) असतात आणि त्यांच्यावर उभे राहणारे स्प्रिंगमध्ये (जानेवारीत सुरू होणारं). फॉलमध्ये ‘लिनिअर सिस्टिम्स’ सोडून आकर्षक नावाचा काहीतरी घेतला, तर ‘लिनिअर सिस्टिम्स’ पुढच्या फॉलमध्ये मिळणार आणि ऑप्टिमल कंट्रोल त्याच्या पुढच्या स्प्रिंगमध्ये. म्हणजे चौथं सेमिस्टर. तीन सेमिस्टरमध्ये डिग्री संपवणाऱ्याच्या हातून तो विषय गेलाच.

कॅटलॉगमध्ये नाव आहे म्हणजे तो कोर्स यंदा आहे, असं मात्र समजू नका. वर्षानुवर्षं न शिकवलेले कोर्सही कॅटलॉगमध्ये तसेच पडून असतात. खरी माहिती ‘शेड्यूल ऑफ क्लासेस’मध्ये मिळते. तिथे मागच्या सेमिस्टरचीही वेळापत्रकं पाहता येतात. दोन वर्षांची चाळली की कोणता कोर्स कधी असतो आणि कोण शिकवतं हे कळतं. एखादा कोर्स एकच प्रोफेसर शिकवत असतील आणि ते पुढच्या वर्षी सबॅटिकलवर (शिकवण्यातून घेतलेली लांब सुट्टी) जाणार असतील, तर तो कोर्स होईलच असं नाही. डिपार्टमेंटच्या ऑफिसला सरळ विचारा, ते सांगतात.

स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीत, दाखल होणाऱ्यांची पंचाईत जास्त. साखळीचं पहिलं कडं फॉलमध्येच होऊन गेलेलं असतं. त्यांनी पहिल्या सेमिस्टरला गणिताकडचे किंवा साखळीबाहेरचे इलेक्टिव्ह उरकावेत आणि फॉलसाठी पायाचे कोर्स राखून ठेवावेत. बी.ई.ला त्या विषयाची तयारी चांगली झाली असेल तर प्रोफेसरांच्या परवानगीने थेट वरच्या कोर्सला बसता येतं. हा मार्ग खुला असतो, पण तो आपण मागावा लागतो.

सिलॅबस वाचायचा म्हणजे काय वाचायचं

विषयांची यादी वाचून फारसं कळत नाही. पाहायचं ते गुणांच्या वाटणीकडे. होमवर्कला ३०-४० टक्के असतील तर दर आठवड्याला एक प्रॉब्लेम सेट आलाच. आपल्याकडे परीक्षेआधीचे पंधरा दिवस जीव तोडून वर्ष निभावून नेता येतं, इथे तो डाव चालत नाही. चार असाइनमेंट हुकल्या की फायनलला पैकीच्या पैकी मिळवूनही ए येत नाही. प्रोजेक्टला ४० टक्के असतील तर नोव्हेंबरमध्ये सगळे प्रोजेक्ट एकदम अंगावर येतात. असे तीन कोर्स एकत्र घेऊ नयेत. उशिरा दिलेलं काम घेतात का, कोडिंग कशात करायचं आहे, प्रोजेक्ट एकट्याने की गटाने, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

प्रीरिक्विझिटच्या नावाखाली काय दडलंय याची परीक्षा करायला एक साधा उपाय आहे. बऱ्याच कोर्सचं मागच्या वर्षीचं पहिलं होमवर्क जाहीर असतं, किंवा ‘होमवर्क झिरो’ दिलेलं असतं. ते वही-पेन घेऊन, उत्तरं न शोधता सोडवा. तीन तासांत निम्म्याहून जास्त सुटलं तर बिनधास्त घ्या. प्रश्नात काय विचारलंय हेच कळलं नाही, तर तो कोर्स वर्षभर पुढे ढकला आणि आधी लिनिअर अल्जिब्रा किंवा प्रॉबॅबिलिटीचा कोर्स घ्या. इंजिनीअरिंगच्या ग्रॅज्युएट कोर्समध्ये विद्यार्थी अडकतात ते बहुतेकदा या दोन विषयांपाशीच. बी.ई.ला एम-३, एम-४ हे गणिताचे पेपर पास झालेलो असतो, पण तिथे सूत्रात किमती घालायच्या होत्या. इथे सिद्धता मागतात.

होमवर्कमध्ये मित्राशी चर्चा चालते की नाही, हेही प्रत्येक सिलॅबसमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. एका कोर्समध्ये मुभा असलेली गोष्ट शेजारच्या कोर्समध्ये कॉपी ठरते आणि थेट ऑनर कोडची (प्रामाणिकपणाच्या नियमांची) चौकशी लागते. ‘सगळेच करतात’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

किती घ्यायचे

क्रेडिट अवरची अमेरिकी सरकारची व्याख्या अशी: एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याचे नऊ तास आणि ९ क्रेडिटला २७. हा झाला कागदावरचा आकडा. इंजिनीअरिंगच्या थिअरी कोर्सला १२ ते १५ तास सहज जातात. त्यात कॅम्पसवरची २० तासांची नोकरी किंवा टीएशिप (प्रोफेसरांना शिकवण्यात मदत करण्याचं काम) धरली तर आठवडा ६० तासांच्या घरात पोचतो. स्वयंपाक, कपडे, घर शोधणं, बँक हे अजून मोजलेलंच नाही.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला ९ क्रेडिट पुरे. एक अवघड पायाचा कोर्स, एक ज्याची तयारी आधीच बरी आहे असा आणि एक प्रोजेक्ट किंवा लॅबचा, अशी जुळणी सहसा झेपते. फी ठरावीक क्रेडिटनंतर वाढत नसेल तर चौथा कोर्स फुकट पडल्यासारखा वाटतो. तरीही पहिल्याच सेमिस्टरला तो मोह टाळा.

कारण जीपीए, म्हणजे ४ पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी. बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलना ३.० लागतो आणि तो खाली गेला की प्रोबेशन, म्हणजे सुधारण्याची ताकीद. बी मायनस सहसा २.७ धरतात. एक बी आणि दोन बी मायनस मिळाले तर सरासरी २.८, म्हणजे एकाही विषयात नापास न होता विद्यार्थी प्रोबेशनवर. शिवाय सी मिळालेला कोर्स कित्येक प्रोग्रॅममध्ये डिग्रीला मोजतच नाहीत, पण जीपीए मात्र तो खाली ओढतोच. टीए किंवा आरए (संशोधनात मदत करणारे) असाल तर फंडिंगही याच आकड्याला बांधलेलं असतं.

इंटर्नशिपचा विचारही आत्ताच करावा लागतो. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्यांचे करिअर फेअर सप्टेंबरमध्येच भरतात. तेव्हा तुम्हाला येऊन महिनाही झालेला नसतो. रेझ्युमेवर तोवर एकही ग्रेड नसते, पण ‘सध्या चालू’ म्हणून कोर्सची नावं लिहिता येतात. तिघांपैकी एक कोर्स ज्या कामासाठी अर्ज करणार आहात त्याच्या जवळचा असावा तो यासाठी. तिन्ही कोर्स शुद्ध गणिताचे असतील तर मुलाखतीत बोलायला काहीच उरत नाही.

व्हिसाचे नियम कोर्सच्या यादीत कुठे येतात

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला फॉल आणि स्प्रिंगमध्ये पूर्णवेळ नोंदणी ठेवावी लागते. ग्रॅज्युएट पातळीवर पूर्णवेळ म्हणजे किती हे युनिव्हर्सिटी ठरवते. बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट, काही ठिकाणी ८ किंवा १२, आणि असिस्टंटशिप असेल तर कधी त्याहून कमी. ऑडिट केलेला, म्हणजे क्रेडिटशिवाय नुसता ऐकलेला, कोर्स यात धरत नाहीत. वेटलिस्टवरचाही नाही. पूर्णपणे ऑनलाइन असा एकच कोर्स, जास्तीत जास्त ३ क्रेडिट, दर सेमिस्टरला या हिशेबात धरला जातो. बाकीची ६ क्रेडिट प्रत्यक्ष वर्गात बसूनच हवीत. पोर्टलवर ‘डिस्टन्स’ किंवा ‘ऑनलाइन’ असं बारीक अक्षरात लिहिलेला सेक्शन चुकून निवडला जातो, तेव्हा सेक्शनचा प्रकार डोळ्यांत तेल घालून पाहा.

आता ३० क्रेडिटची विभागणी. ९, ९, ९ आणि शेवटी ३ ही चालते, कारण शेवटच्या सेमिस्टरला डिग्रीला लागतील तेवढीच क्रेडिट घ्यायची परवानगी मिळते. ९, ९, ६, ६ अशी मात्र सहसा चालत नाही, कारण तिसरं सेमिस्टर शेवटचं नाही आणि तिथे ६ हे पूर्णवेळ नव्हे. शेवटी एकच कोर्स उरला असेल तर तो ऑनलाइन असून चालत नाही. कमी क्रेडिटची परवानगी आधी घ्यायची असते, सेमिस्टर सुरू झाल्यावर कळवून भागत नाही.

ही परवानगी देणारी व्यक्ती म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसातले डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल). सगळ्यात महाग पडणारा गोंधळ इथेच होतो. कोर्स झेपत नाही म्हणून विद्यार्थी डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरकडे जातो, ते म्हणतात “ड्रॉप कर, काही बिघडत नाही.” शैक्षणिकदृष्ट्या त्यांचं बरोबरच असतं. व्हिसाचे नियम पाहणं हे त्यांचं काम नव्हे. ड्रॉप केल्यावर ९ ची ६ होतात आणि डीएसओची आगाऊ मंजुरी नसेल तर सेव्हिसमधला (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीतला) रेकॉर्ड टर्मिनेट होऊ शकतो.

मंजुरीची कारणं नियमात दिलेली आहेत. इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसवलं जाणं. या कारणांवर सवलत एका डिग्रीत एकदाच मिळते, तेव्हाही किमान निम्मा भार ठेवावा लागतो आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्णवेळ व्हावं लागतं. आजारपणाची सवलत वेगळी. ती डॉक्टरच्या पत्रावर एका डिग्रीत एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. ‘ग्रेड खराब होईल’ हे कारण यादीत नाही.

इंटर्नशिपसाठी लागणारं सीपीटी (शिकत असताना काम करायची परवानगी) साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं. फॉलमध्ये आलेल्याला पहिलाच उन्हाळा मिळतो, जानेवारीत आलेल्याला बहुधा त्याच्या पुढचा. कित्येक युनिव्हर्सिटीत सीपीटीसाठी इंटर्नशिपचा एक कोर्स नोंदवावा लागतो. तो ३० क्रेडिटमध्ये मोजतात का, हे हँडबुकमध्ये पाहून ठेवा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झालं तर त्या पातळीचं ओपीटी (मुख्यतः डिग्रीनंतर काम करायची परवानगी) जातं. आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीवर ओपीटीला जोडून मिळणारं २४ महिन्यांचं स्टेम ओपीटी मिळेल की नाही हे तुम्ही किती कोडिंगचे कोर्स घेतले यावर नसतं. आय-२० वर (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर) छापलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी क्रमांकावर, ते ठरतं. तो कोड आजच पाहून घ्या.

थीसिस किंवा पीएच.डी. करणार असाल तर

थीसिसला साधारण ६ क्रेडिट जातात, म्हणजे दोन कोर्स कमी. पण गाईड पहिल्या सेमिस्टरच्या अखेरीपर्यंत मिळाला नाही तर काम वेळेत संपत नाही. ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांचाच कोर्स पहिल्या सेमिस्टरला घ्यावा. ईमेल पाठवून जी ओळख होत नाही ती दोन चांगल्या होमवर्कनी आणि ऑफिस अवर्सना जाऊन होते. पीएच.डी.वाल्यांनी क्वालिफाइंग परीक्षा कोणत्या कोर्सवर असते हे पाहून ते कोर्स आधी संपवावेत.

सीट मिळवणं

जुन्या विद्यार्थ्यांचं फॉलचं रजिस्ट्रेशन साधारण एप्रिलमध्येच होऊन जातं, त्यामुळे नव्यांना हवे ते कोर्स भरलेले दिसतात. घाबरू नका. पहिल्या आठवड्यात बरेच जण कोर्स बदलतात आणि वेटलिस्ट हलते. तोवर ९ क्रेडिट कुठल्या तरी चालणाऱ्या कोर्सनी भरून ठेवा, वेटलिस्टवर नाव लावा आणि पहिल्या दिवसापासून त्या वर्गात जाऊन बसा. जागा झाली की ‘स्वॅप’ वापरा. आधी ड्रॉप करून मग ॲड करायला गेलात तर मधल्या मिनिटात दोन्ही जागा जातात.

पोर्टल नोंदणीच करू देत नसेल तर खात्यावर ‘होल्ड’ आहे का पाहा. लसीकरणाचे कागद, बी.ई.ची अंतिम मार्कशीट, इंटरनॅशनल ऑफिसचं चेक-इन ही नेहमीची कारणं. लसीच्या नोंदी भारतातूनच इंग्रजीत, तारखांसह आणि डॉक्टरच्या सहीने आणल्या तर आठवडा वाचतो.

प्रीरिक्विझिटवरून सिस्टिम अडवत असेल तर प्रोफेसरांना लिहा. सुरुवात ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, ‘रिस्पेक्टेड सर’ नको. चार ओळी पुरतात: कोर्सचा नंबर, बी.ई.ला त्याच्या बरोबरीचा कोणता विषय केला, त्यातलं पुस्तक आणि मिळालेले गुण, आणि सोबत त्या विषयाचा सिलॅबस. ओव्हरराइड, म्हणजे ती अट बाजूला ठेवायची परवानगी, मिळालं तरी सीट आपोआप मिळत नाही. त्यानंतर स्वतः पोर्टलवर जाऊन नोंदणी करावी लागते, आणि ते राहून गेल्याचं कित्येकांच्या शेवटच्या तारखेनंतर लक्षात येतं.

ॲड-ड्रॉपची शेवटची तारीख बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच असते. तोवर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर उमटत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे सोडल्याची खूण) लागतो आणि फीचा परतावा आठवड्यागणिक कमी होत जातो. पहिलं होमवर्क तपासून येईपर्यंत ही तारीख उलटलेली असते, म्हणून कोर्स ठेवायचा की सोडायचा हे दुसऱ्या-तिसऱ्या लेक्चरलाच ठरवावं लागतं. बदलायचाच असेल तर आधी दुसरा कोर्स नोंदवून क्रेडिट ९ च्या खाली जाणार नाहीत हे पाहा. पर्यायी कोर्स मिळतच नसेल, तर पहिल्याला हात लावण्याआधी डीएसओची लेखी मंजुरी घ्या.